लग्नाची कामं कुणाला द्यावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयाचं बुकिंग बघते, सतरा वर्षं झाली. तुळशीचं लग्न लागलं की ऑफिसातला फोन जो वाजायला लागतो तो आषाढीपर्यंत थांबत नाही. तारीख पक्की झाली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, एखादा स्वस्तातला केटरर सांगा ना." लग्नघर आमच्याकडे पुढच्या दारानं येतं आणि कामाची माणसं मागच्या. माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून मागचं दार दिसतं. पहाटे पाचला कुणाचा टेम्पो लागतो, नऊ वाजले तरी कुणाचा पत्ता नसतो, हे बघून बघून जे कळलं ते खाली लिहिलंय. एक आधीच सांगते, आमच्या यादीतले केटरर आणि डेकोरेटर कार्यालयाला रॉयल्टी देतात, म्हणजे इथे काम करण्याबद्दल ठरलेले पैसे. माझं म्हणणं तेवढं धरून वाचा.

सगळ्यात कमी दर सांगणाऱ्याला काम दिलं तर बिघडलं कुठं?

पुष्कळदा काहीच बिघडत नाही. बिघडतं तेव्हा मात्र सावरायला दुसरा दिवस नसतो.

हिशोब करून बघा. पाचशे ताटं आहेत आणि एकाचा दर दुसऱ्यापेक्षा ताटामागे ४० रुपयांनी कमी आहे. तुमचे वाचले २०,००० रुपये. हे वीस हजार त्यानं कुठून काढले? तेल, डाळ, साखर सगळे एकाच मार्केट यार्डातून उचलतात, तिथे दोघांच्या भावात फार फरक नसतो. पदार्थ कमी करता येत नाहीत, ते यादीत लिहिलेले असतात. वाढपी मात्र कुणी यादीत लिहून घेत नाही. म्हणून कमी होतात ती माणसं.

वैशाखातलं एक लग्न आठवतं. १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त. अक्षता पडल्या, दोनशे पानांची पहिली पंगत बसली आणि वाढायला सहा पोरं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर घेऊन पोरगा ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत अलीकडच्या पानांवरचा वरणभात संपलेला. मठ्ठा आला तेव्हा पहिली ओळ हात धुवायला उठली होती. नवरीचे काका, पांढरे केस, नवा कोरा कुर्ता, कमरेला उपरणं आवळून स्वतः जिलेबीचं ताट घेऊन फिरत होते. स्वयंपाक खरं सांगायचं तर उत्तम झाला होता. केटरर कुठे होता? त्याच तिथीला घेतलेल्या दुसऱ्या लग्नात.

मग महाग तो चांगला समजायचा का?

छे. जास्त दर सांगून काम खाली पोटकंत्राटावर देणारे मी भरपूर बघितलेत. तुमच्याशी बोलतो तो एक, इसार घेतो तो दुसरा आणि त्या दिवशी येतो तो तिसराच. दराकडे बघून माणूस कळत नाही, इतकंच.

विश्वासू माणूस ओळखायचा कसा?

ज्याला "नाही" म्हणता येतं त्याला मी आधी धरते. मोठी लग्नतिथ असली की एकाच दिवशी गावात तीस-चाळीस लग्नं असतात. अशा दिवशी "त्या तारखेला माझ्याकडे दोन कामं आहेत, तिसरं घेत नाही" असं म्हणणारा केटरर भेटला, तर त्याचा नंबर जपून ठेवा. या खेपेला नाही तर धाकट्याच्या लग्नाला उपयोगी पडेल.

माझे दोन प्रश्न ठरलेले आहेत. पहिला, "त्या दिवशी तुमची एकूण कामं किती, आणि आमच्याकडे नेमकं कोण येणार?" उत्तरात नाव यायला पाहिजे. "आपली टीम येईल की ताई" हे उत्तर झालं नाही. दुसरा प्रश्न जरा आडून विचारायचा, "कोविडच्या वेळी घेतलेल्या इसाराचं काय केलंत?" एप्रिल २०२१च्या आदेशानं महाराष्ट्रात लग्न पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकायचं होतं. पाचशे पानांच्या सुपाऱ्या एका रात्रीत हवेत विरल्या. तेव्हा कुणी पैसे परत दिले, कुणी पुढच्या तारखेला वळते केले आणि कुणी फोनच बंद करून बसले. त्या काळात ज्यांच्या घरी लग्न होतं त्यांना ती नावं आजही पाठ आहेत. केटररच्या तोंडून ऐका आणि मग त्यांच्याकडून खात्री करून घ्या.

इंटरनेटवरचे तारे आणि इन्स्टाग्रामवरचे फोटो बघायला हरकत नाही, पण फोटो दुसऱ्याच्या कामाचेही असू शकतात. त्यापेक्षा गेल्या वर्षभरातल्या तीन लग्नघरांचे नंबर मागा आणि त्यातल्या घरच्या बाईशी बोला. पुरुष मंडळी "छान झालं" म्हणून मोकळी होतात. बायका सांगतात बासुंदी कितव्या पंगतीला पातळ झाली ते.

चार जणांचे दर आलेत, तुलना कशी करू?

दर मागण्याआधी एक कागद तुम्हीच तयार करा आणि चौघांना तोच द्या. नाहीतर एकाच्या ताटात पाणी धरलेलं असतं, दुसऱ्याच्यात नसतं, तिसरा वाहतूक वेगळी लावतो, चौथा जीएसटी शेवटी काढतो. केटरिंगवर साधारण ५ टक्के आणि मांडव, सजावट, फोटोग्राफी यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यामुळे "सगळं धरून" की "वरून टॅक्स" हे आधीच विचारा. ज्याची नोंदणीच नाही त्याला जीएसटी लावायचा अधिकार नाही. बिलावर पंधरा अक्षरी नंबर असतो, महाराष्ट्रातला २७ने आणि गोव्यातला ३०ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की धंद्याचं नाव समोर येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

केटररला नेमकं काय काय विचारायचं?

किती वाढपी, किती आचारी, हे आकड्यात. पंगत असेल तर शंभर पानांना दहा-बारा वाढपी मी धरते. बुफेला कमी चालतात, पण ताटं-वाट्या उचलायला वेगळी माणसं लागतात आणि नेमकी तीच विसरली जातात.

अन्न परवाना आहे का ते बघा. एफएसएसएआयचा नंबर चौदा आकडी असतो. तो नुसता कार्डावर छापलेला पुरत नाही, कागद बघा आणि त्यावरची मुदत बघा.

पनीरची भाजी ठेवणार असाल तर पनीर कुठल्या डेअरीचं ते विचारा. किलोभर पनीरला म्हशीचं दूध घेतलं तरी पाच लिटरच्या आसपास लागतं. नुसत्या दुधाचे किती होतात ते तुमचं तुम्ही मोजा. त्याच्या निम्म्या भावात जे मिळतं ते वनस्पती तेलाचं ॲनालॉग, म्हणजे पनीरसारखं दिसणारं दुसरंच काही असतं, आणि ते पनीर म्हणून खपवणं नियमात बसत नाही. इतक्या कमी दरात पनीर मसाला कसा देता, असं विचारल्यावर माणूस कुठे बघतो तेही बघा.

आणि भटारखान्यात एक चक्कर मारा. तुमच्या लग्नाच्या दिवशी ते जमणार नाही, त्याच्या दुसऱ्या एखाद्या कामावर जा, सकाळी सातला. केटररला आधी विचारून जायचं. जो "या की" म्हणतो त्याच्याकडे लपवण्यासारखं बहुतेक नसतं. सिलिंडर बघा. धंद्याला १९ किलोचा निळा सिलिंडर लागतो. तिथे घरगुती लाल सिलिंडर ओळीनं मांडले असतील तर तो इथेही वाचवतोय, आणि ही बचत तुमच्या पाहुण्यांपासून वीस फुटांवर पेटलेली आहे. भांडी कोण घासतंय, पिण्याचं पाणी कुठून भरलंय, चिरलेल्या भाज्या झाकल्यात का. चव बघायला बोलावतात तेव्हा दहा माणसांचं करून वाढतात. पाचशे माणसांचं करताना हात कसा चालतो ते भटारखान्यातच दिसतं.

ताटांच्या मोजणीवरून भांडणं होतात म्हणे?

होतात म्हणजे काय, सरासरी आठवड्याला एक माझ्या ऑफिसात येऊन मिटते.

किमान हमीची ताटं किती आणि त्यावर किती जास्तीची तयारी असेल, हे आधी लिहून घ्या. पाचशेची हमी असेल आणि साडेचारशे जेवले तरी पैसे पाचशेचेच द्यावे लागतात, त्यावर रुसू नका. त्यानं शिधा पाचशेचा भरलेला असतो. पाच वर्षांखालची मुलं, ड्रायव्हर, बँडवाले, फोटोग्राफर यांचं ताट पूर्ण धरायचं की अर्धं, हेही आधी.

मोजायचं कसं? सकाळी ताटांच्या थप्प्या दोघांनी मिळून मोजायच्या, आकडा कागदावर लिहून दोघांच्या सह्या. जेवणं झाल्यावर न वापरलेली ताटं पुन्हा दोघांनी मोजायची. मधल्या काळात घासलेली ताटं पुन्हा थप्पीत येता कामा नयेत, त्यांचा ढीग वेगळा. या कामाला एक शांत माणूस बसवा. आमच्याकडे एका लग्नात नवऱ्याच्या आत्तेभावाला बसवलं होतं. तो करवलीशी गप्पा मारायला गेला आणि रात्री सत्तर ताटांचा वाद उभा राहिला. आता वाद मिटला आहे आणि करवली त्याची बायको आहे, पण सत्तर ताटांचे पैसे गेले ते गेलेच.

आचाऱ्याला मजुरीवर सांगून किराणा आपणच भरला तर स्वस्त पडेल ना?

गावाकडे, घरासमोर मांडव असेल आणि भावकी हाताशी असेल तर नक्की पडेल. आचारी यादी देतो, आपण शिधा भरतो, मजुरी वेगळी. पण मग वाढायला भावकी, भांडी भाड्यानं, उरलेलं वाटून द्यायचं, पहाटे दूध आलं का बघायचं, हे सगळं घरच्यांवर. शहरातल्या कार्यालयात ज्यांनी हे केलं त्यांच्यातला एक भाऊ मंगलाष्टकं चालू असताना दही आणायला गेलेला मी बघितलाय. यादीही कुणा जाणत्याला दाखवून घ्या. काही आचारी तुपाचा आकडा सढळ हातानं लिहितात.

फोटोग्राफर कसा निवडायचा? सगळ्यांचं काम छानच दिसतं.

कारण तो तुम्हाला तीस लग्नांतले तीस फोटो दाखवतो. त्याला म्हणा, एकाच लग्नाचे सगळे फोटो दाखव, हळदीपासून पाठवणीपर्यंत. आणि लग्न साध्या कार्यालयातलं असू दे, ट्यूबलाइटच्या उजेडातलं. महाबळेश्वरच्या सूर्यास्तात कुणाचेही फोटो बरे येतात.

त्यात अंतरपाट दूर होतानाचा फोटो शोधा. तो क्षण दोन सेकंदांचा असतो, अक्षता डोळ्यांसमोर उडत असतात, मामा मध्ये उभे असतात आणि गुरुजींचा हात आडवा असतो. तरी ज्यानं दोघांची एकमेकांकडची पहिली नजर पकडली आहे, त्याला मराठी लग्न कळतं. कन्यादान, कानपिळी, सूनमुख यांच्या वेळा न विचारता सांगू शकला तर अजून बरं. दर कमी असलेला फोटोग्राफर पुष्कळदा सीझनला बाहेरची मुलं लावतो. मुलं मेहनती असतात, पण त्यांना विहिणीची पंगत म्हणजे काय हे माहीत नसतं आणि त्या वेळी ती बिचारी जेवत असतात.

कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठतात का, त्या रात्रीच दुसरीकडे कॉपी करणार का, अल्बमची पानं किती, मूळ फोटो देणार का, आणि केव्हा, हे सगळं लिहून घ्या. चौथा-पाचवा हिस्सा रक्कम अल्बम हातात पडल्यावर द्यायची ठेवा. सगळे पैसे लग्नाच्या रात्री दिलेत तर अल्बम बारशाला येतो. एक गोष्ट लोकांना माहीत नसते. कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक फोटो काढून घेणारा, म्हणजे तुम्ही असता, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणून सही करण्याआधी ती बारीक अक्षरातली ओळ वाचा. तुमचे फोटो त्याच्या जाहिरातीत चालणार आहेत की नाहीत, तेही तिथेच ठरतं.

मांडव आणि सजावटीत स्वस्त बघितलं तर चालेल?

सजावटीत खुशाल बघा. झेंडूच्या माळा दोन कमी लागल्या म्हणून कुणाचं लग्न मोडत नाही.

मांडवात नको. एप्रिल-मे म्हणजे वळवाचे दिवस. दुपारी चारला ऊन असतं आणि साडेचारला वावटळ. लॉनवर मोठा मांडव असेल तर खांब जमिनीत किती पुरणार, दोर कुठे बांधणार, पाऊस आला तर ताडपत्री जागेवर असेल का, आणि त्या वेळी त्याचा माणूस थांबलेला असेल का, हे विचारा. स्वस्तातला मांडववाला मांडव घालून निघून जातो आणि रात्री काढायला येतो. मधले बारा तास मांडव देवाच्या भरवशावर. वायरिंगचे उघडे जोड दिसले तर त्याला तिथल्या तिथे झाकायला लावा. जनरेटर पडद्यांपासून लांब.

बँड आणि डीजेचं काय?

बँडला सुपारी देताना माणसं मोजून घ्या आणि किती तास ते ठरवा. वरात लांबली की तासाचा दर वाढतो. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा नियम सगळ्यांना लागू आहे. "आपली ओळख आहे, बारापर्यंत वाजवू" म्हणणारा डीजे घेऊ नका, कारण पोलीस आले की तो सामान गुंडाळतो आणि उत्तरं नवऱ्याच्या बापाला द्यावी लागतात. गाणी वाजवायच्या लायसनबद्दल कुणी पैसे मागायला आलं तर त्याला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(झेडए) दाखवा. लग्नाची वरात आणि लग्नाचे इतर समारंभ त्या सवलतीत धरलेले आहेत.

वऱ्हाडासाठी गाडी स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

या एका बाबतीत मी हट्टी आहे. मालवाहू टेम्पोत सतरंजी टाकून वऱ्हाड नेऊ नका, अंतर दहा किलोमीटरचं असलं तरी. टेम्पोला माणसं नेण्याचा परवाना नसतो आणि अपघात झाला तर विम्याचं भांडण पुढे वर्षानुवर्षं चालतं. घाटात काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. गाडीची पाटी पिवळी आहे ना, फिटनेस आणि विमा चालू आहे ना, हे एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. आणि ड्रायव्हर आदल्या रात्री दुसरं वऱ्हाड पोचवून आलाय का, हे त्यालाच विचारा. चहा देताना विचारलं की खरं सांगतो.

मेकअपवाली एकाच सकाळी दोन नवऱ्या घेते, चालेल?

गोरज मुहूर्त असेल तर चालेल. सकाळचा असेल तर नाही. ट्रायल घ्या, आणि नऊवारी ती स्वतः नेसवते की शिवलेली आणते तेवढं विचारा.

गुरुजी निवडताना काय बघायचं?

दक्षिणा आधी बोलून घ्या, साहित्याची यादी आठ दिवस आधी घ्या. मुहूर्ताच्या किती आधी येणार हे विचारा, मोठ्या तिथीला गुरुजीही तीन लग्नं लावतात. अजून एक, जे नेहमी नंतर आठवतं: विवाह नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदारांबरोबर लग्न लावणाऱ्या गुरुजींचीही सही लागते. सही आणि कागदपत्र देणार ना, हे तेव्हाच बोलून घ्या. लग्नानंतर महिन्याभरानं पासपोर्टच्या घाईत गुरुजींना शोधत हिंडणारी जोडपी माझ्याकडे फोन करतात.

इसार किती द्यावा? कागद करावा का? "आपल्यात कशाला कागद" म्हणतात.

बुकिंगला चौथा हिस्सा, आठ दिवस आधी निम्मे, काम झाल्यावर उरलेले. हा माझा अंदाज, कायदा नव्हे. ज्याला सगळे पैसे आधी हवेत तो तुमच्या पैशानं मागच्या लग्नाची देणी फेडतोय असं समजा.

कागद करावाच, आणि त्याला स्टॅम्प पेपरच लागतो असं नाही. त्याच्या लेटरहेडवर तारीख, वेळ, ठिकाण, पदार्थ, माणसं, दर, टॅक्स, दिलेला इसार, तो आला नाही तर काय आणि तुम्ही रद्द केलंत तर काय, एवढं पुरे. दोघांच्या सह्या. पैसे यूपीआयनं किंवा चेकनं, आणि त्याच्या धंद्याच्या खात्यावर. मेव्हण्याच्या नंबरवर टाका म्हणाला तर थांबा. ठरल्यावर व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका, "काल ठरल्याप्रमाणे..." आणि सगळं लिहा. त्यानं उत्तरात नुसता अंगठ्याचा इमोजी टाकला तरी पुढे उपयोगी पडतं.

मामांच्या ओळखीचा केटरर आहे. नाही म्हटलं तर मामा रुसतील.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणारा दर वेळी आवाज खाली आणतो.

ओळखीच्या माणसाची अडचण ही की त्याच्याशी भाव करता येत नाही, कागद करता येत नाही आणि चुकलं तर बोलता येत नाही. आमटी खारट झाली तरी मामांच्या तोंडाकडे बघून गिळायची. यावर मी लोकांना एक सोपा मार्ग सांगते. मामांच्या माणसाला साखरपुडा द्या किंवा हळदीचा नाश्ता द्या, शंभर माणसांचं काम. चांगलं झालं तर लग्नही त्यालाच. नाही झालं तर मामाच म्हणतील, "या वेळी दुसरा बघा." कागद करायची वेळ आली की दोष कार्यालयावर ढकला. "कार्यालयवाल्या बाई सही केलेला कागद मागतात हो." मला वाईट वाटत नाही, मी मागतेच.

तुमच्या कार्यालयालाही हे प्रश्न विचारायचे का?

विचारा ना. भाड्यात किती तास, वीजबिल युनिटवर का, जनरेटरचं डिझेल कुणाचं, साफसफाई वेगळी का, बाहेरचा केटरर आणला तर रॉयल्टी किती, आदल्या दिवशी सीमांतपूजनाला हॉल किती वाजता मिळणार, डिपॉझिट किती दिवसांत परत. शेवटच्या प्रश्नावर गप्प बसणारं कार्यालय घेऊ नका. आणि नळांना पाणी बघा, एप्रिलमध्ये. नोव्हेंबरात सगळ्यांच्याच नळाला असतं.

पैसे खरंच कमी आहेत. मग वाचवू तरी कुठे?

माणसांत. पाचशेची यादी साडेतीनशेवर आणलीत तर चांगल्या केटररचा चांगला दर परवडतो, आणि ज्यांना बोलावलं नाही त्यातली निम्मी माणसं मनातून सुटकाच मानतात. पदार्थांत वाचवा. दोन गोडांऐवजी एक, चायनीजचा स्टॉल बंद, वेलकम ड्रिंकऐवजी कोकम सरबत. मोठी लग्नतिथ सोडून मधली घ्या, आठवड्यातला बुधवार घ्या. तेव्हा चांगल्या माणसांचे हात रिकामे असतात आणि दरही हलतो. पत्रिका शंभर छापा, बाकीच्यांना फोन करा. चांगल्या केटररला "दर कमी करा" म्हणण्यापेक्षा "एवढ्या पैशात काय बसेल ते तुम्हीच सांगा" म्हणा. तो बसवून देतो.

आम्ही परदेशात आहोत, सगळं फोनवर ठरवतोय.

इथला एक माणूस नेमा, आणि निर्णय त्याचाच चालेल असं केटररला स्पष्ट कळवा. व्हिडिओ कॉलवर भटारखाना दाखवायला सांगा, सॅम्पल फोटो नको. "एनआरआय पॅकेज" हे शब्द ऐकले की त्याच यादीचा इथल्या दुसऱ्या कुणाकडून दर मागवून बघा.

इसार घेतला आणि माणूस आलाच नाही, तर?

त्या दिवशी भांडू नका, फोन करा. कार्यालयाला विचारा, आमच्याकडे अडीअडचणीला धावणारे दोन आचारी असतात. पिठलं-भात-जिलेबीवर लग्न निभावलेलं मी बघितलंय, आणि लोकांनी ते नावाजलं.

नंतर लेखी नोटीस, मग ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. तिथे पावती, सह्या केलेला कागद आणि तो व्हॉट्सॲप मेसेज मागतात.

वाढपी, बँडवाले, ड्रायव्हर यांनी केव्हा जेवायचं?

केटरर सांगेल, "आमचं आम्ही बघू." ऐकू नका. शेवटची पंगत यांचीच लावा आणि त्यातही जिलेबी उरेल एवढी बाजूला काढून ठेवायला आचाऱ्याला सकाळीच सांगा. मागच्या दाराशी, हौदाच्या कडेला, चार वाजता उभ्यानं कोरडा भात खाणारी पोरं दिसली की त्या केटररचं नाव मी माझ्या यादीतून काढते. गेल्या मार्गशीर्षात एक काढलं.